‘गेट’चे अर्थ पाठ करू नका, ‘गेट’च्या पुढे काय येतंय ते ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शब्दकोशात ‘गेट’ या क्रियापदाखाली पानभर अर्थ दिलेत. तुम्ही ते वहीत उतरवून पाठही केलेत. तरी कुणी इंग्रजी बोलत असताना ‘गेट’ आलं की तुम्ही अडखळता, आणि स्वतः बोलताना तर तो शब्द तोंडात येतच नाही. ‘रिसीव्ह’ आणि ‘बिकम’ यांवर भागवून नेता. मग आणखी अर्थ पाठ करावेत का, आणि करायचे तर किती?

आणखी एकही पाठ करू नका. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि अशा याद्या करणारे विद्यार्थी बहुधा वर्गातले सर्वांत कष्टाळू असतात, म्हणून त्यांना थकताना बघून वाईट वाटतं. तुमचं पाठांतर कमी पडलेलं नाही. अडचण अशी आहे की यादीत अर्थ शब्दाच्या पोटात ठेवल्यासारखे दिसतात, आणि ‘गेट’च्या पोटात फारसं काही नसतं. त्याचा अर्थ त्याच्या पुढे येणाऱ्या शब्दांत असतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. ‘गेट’वर किती वेळ घालवायचा हे तुम्हाला इंग्रजी कशासाठी हवं आहे त्यावर ठरेल. शास्त्रीय किंवा कायद्याचं लेखन वाचायचं असेल तर तिथे हा शब्द क्वचितच भेटतो. बोलायचं असेल, बैठकांमध्ये भाग घ्यायचा असेल, चित्रपट उपशीर्षकांशिवाय बघायचे असतील, तर त्याच्यावाचून गत्यंतर नाही. तुम्ही ऐकण्याबोलण्याबद्दल विचारलंय, म्हणून मी तेच धरून लिहिते.

अर्थांच्या संख्येला घाबरू नका. इंग्रजीत असे बहुगुणी शब्द बरेच आहेत. ऑक्सफर्डच्या बृहद्कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदवले होते, आणि पुढे त्याच कोशासाठी ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली गेली तेव्हा तिच्यातले अर्थ ६४५ भरले. हे अर्थ कुठल्याही इंग्रजी माणसाने पाठ केलेले नाहीत.

तुम्हीही असा एक शब्द रोज वापरता. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, नाद लागतो, डोळा लागतो. ‘रडू लागला’ म्हटलं की सुरुवात झाली, ‘जावं लागलं’ म्हटलं की सक्ती झाली. तुम्हाला कुणी ‘लागणे’ची यादी दिली नव्हती आणि ‘डोळा लागला’ ऐकून कुणी इजा झाली का असंही विचारत नाही. कारण आपण ‘लागला’चा अर्थ ‘लागला’मध्ये शोधतच नाही, तो ‘डोळा’ या शब्दाने आधीच ठरवलेला असतो.

तुमच्या अडखळण्याचं कारण मला नेमकं इथेच दिसतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘लागली’ कानावर पडेपर्यंत ‘भूक’, ‘आग’ किंवा ‘नोकरी’ येऊन गेलेली असते, त्यामुळे अर्थ लावायला काही उरतच नाही. इंग्रजीत उलटं होतं. ‘गेट’ आधी येतं आणि अर्थ ठरवणारा शब्द त्याच्यानंतर. मराठीची सवय असलेला कान ‘गेट’ ऐकताच अर्थ मागतो, डोक्यातली यादी उघडतो, आणि तेवढ्यात उरलेलं वाक्य निघून जातं. म्हणून माझा पहिला सल्ला ऐकण्याचा आहे: ‘गेट’ आलं की थांबू नका. ते रिकामं भांडं समजून पुढे सरकू द्या आणि पुढचे दोन-तीन शब्द पकडा.

आता त्या पुढच्या शब्दांतून अर्थ कसा निघतो ते बघू.

मराठीत ‘माझ्याकडे पत्र आहे’, ‘मी थकलेली आहे’, ‘मी घरी आहे’ या तिन्ही वाक्यांत ‘आहे’ एकच आहे. वस्तू जवळ असणं, एखाद्या अवस्थेत असणं आणि एखाद्या जागी असणं या तिन्हींना आपल्याला ‘असणे’ पुरतं. ‘गेट’ म्हणजे या तिन्ही ‘असण्यां’ची सुरुवात. पत्र नव्हतं, आता आहे: ‘आय गॉट अ लेटर’. थकलेली नव्हते, आता आहे: ‘आय गॉट टायर्ड’. घरी नव्हते, आता आहे: ‘आय गॉट होम’. मराठीत इथे आपण वेगवेगळी क्रियापदं वापरतो (मिळालं, थकले, पोचले), म्हणून हे तीन अर्थ एकमेकांपासून लांबचे वाटतात. इंग्रजी माणसाला तिन्हीत एकच घटना दिसते: आधी नव्हतं, मग झालं.

म्हणून ‘गेट’च्या पुढे नाम आलं तर ती वस्तू हाती आली. विशेषण आलं तर ती अवस्था आली. ठिकाण किंवा दिशा आली तर तिथे पोचणं झालं. वर्गात मी हे एवढंच आधी सांगते आणि काही दिवस दुसरं काही सांगत नाही, कारण बोलण्यात येणाऱ्या ‘गेट’चा बराच मोठा भाग एवढ्यात आवरतो. ‘समजणे’ हा अर्थसुद्धा पहिल्यातच बसतो. ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे ती गोष्ट माझ्या हाती लागत नाही, अर्थात कळत नाही.

आता दुसरी पायरी. नव्हतं ते झालं, पण ते आपोआप झालं की कुणी घडवून आणलं? ‘गेट’नंतर आधी एखादी व्यक्ती किंवा वस्तू आली आणि मग बाकीचं आलं, तर कर्त्याने त्या व्यक्तीच्या किंवा वस्तूच्या बाबतीत ते घडवून आणलं. हे एका तुकड्यावर दाखवते. ‘गेट हिम’ हे दोन शब्द ऐकून अजून काहीच कळलेलं नसतं. पुढे काय येतं बघा. ‘गेट हिम अ चेअर’: त्याच्यासाठी खुर्ची आण. ‘गेट हिम टू द हॉस्पिटल’: त्याला दवाखान्यात पोचव. ‘गेट हिम टू सिट डाउन’: त्याला समजावून खाली बसव. ‘गेट हिम टॉकिंग’: त्याला बोलतं कर. ‘डोन्ट गेट हिम अँग्री’: त्याला चिडवू नकोस.

यातलं दुसरं आणि तिसरं वाक्य शेजारी ठेवून पुन्हा वाचा. दोन्हींत ‘गेट हिम टू’ इथपर्यंत सगळं सारखं आहे. ‘टू’नंतर जागा आली की पोचवणं, क्रियापद आलं की राजी करणं. म्हणजे तीन शब्द ऐकूनही निर्णय घेता येत नाही, चौथ्यापर्यंत धीर धरावा लागतो. हे एकदा पचलं की ‘आय जस्ट कान्ट गेट हिम टू गेट ओव्हर इट’ असलं वाक्यही उलगडतं. पहिला ‘गेट’ राजी करण्याचा, कारण पुढे ‘हिम’ आणि ‘टू’सकट क्रियापद आहे. दुसरा ‘गेट’ पोचण्याचा, कारण पुढे ‘ओव्हर’ म्हणजे पलीकडे आहे. त्या दुःखाच्या पलीकडे त्याने यावं म्हणून मी सगळं करून बघितलं, पण मला काही जमत नाही.

कुणाकडून काम करून घ्यायचं असेल तर इंग्रजीत ‘गेट’, ‘हॅव’ आणि ‘मेक’ असे तीन पर्याय आहेत आणि त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. ‘आय गॉट हिम टू साइन’मध्ये थोडी मनधरणी किंवा खटपट आहे. ‘आय हॅड हिम साइन’मध्ये त्याचं ते कामच होतं, मी सांगितलं आणि त्याने केलं. ‘आय मेड हिम साइन’मध्ये त्याची इच्छा नव्हती, मी भाग पाडलं. रचनेतला फरकही लक्षात घ्या: ‘टू’ फक्त ‘गेट’बरोबर येतो. ‘मेड हिम टू साइन’ हे मी सतत दुरुस्त करत असते.

याच रचनेत मराठी माणसाची आणखी एक ठरलेली चूक होते. आपण सहज म्हणतो ‘मी केस कापले’, ‘मी घराला रंग दिला’. कापणारा आणि रंगवणारा दुसराच असतो, पण ते न सांगता ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर तुम्ही स्वतः आरशासमोर कात्री चालवली असा अर्थ होतो. न्हाव्याने कापले असतील तर ‘आय गॉट माय हेअर कट’. रंग कारागिराने दिला असेल तर ‘आय गॉट माय हाउस पेंटेड’. नेमकं सांगायचं तेव्हा आपण ‘कापून घेतले’ म्हणतो, त्या ‘घेतले’ची जागा इंग्रजीत हा ‘गॉट’ घेतो. मात्र हीच रचना ठरवून न केलेल्या गोष्टीलाही चालते. ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’मध्ये बोट कुणी मुद्दाम दारात अडकवून घेतलेलं नाही. ठरवून की अपघाताने, हे प्रसंगावरून कळतं.

मधे वस्तू नसेल आणि ‘गेट’ला लागूनच क्रियापदाचं तिसरं रूप आलं, तर कर्त्यावर काहीतरी ओढवतं किंवा घडतं: ‘ही गॉट फायर्ड’, त्याला नोकरीवरून काढलं. इथे ‘वॉज’ का नाही, असं विद्यार्थी विचारतात. ‘वॉज’ही चालतो, पण त्यात एक संदिग्धता राहते. ‘द विंडो वॉज ब्रोकन’चे दोन अर्थ होतात: खिडकी फुटलेल्या अवस्थेत होती, किंवा ती फुटली. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हटलं की ती फुटलीच, घटना घडली, दुसरा अर्थ उरत नाही. म्हणून जिथे घटनाच नसते तिथे हा ‘गेट’ बसत नाही. ‘ती गोष्ट सर्वांना माहीत आहे’ यासाठी ‘इट इज नोन टू एव्हरीवन’ म्हणतात, तिथे ‘इज’ काढून ‘गेट्स’ घालता येत नाही.

आतापर्यंतचं आठवा: पुढे नाम, विशेषण, जागा, तिसरं रूप, आणि मधे व्यक्ती किंवा वस्तू आली तर घडवून आणणं. एवढं पक्कं झाल्याशिवाय पुढचं वाचू नका, कारण पुढे ‘टू’चा चकवा आहे आणि तो खरोखर फसवतो.

‘गेट’नंतर लगेच ‘टू’ आणि क्रियापद आलं, मधे ‘हिम’ वगैरे काही नाही, तर संधी मिळाली असा अर्थ. ‘आय गेट टू ट्रॅव्हल अ लॉट’: मला खूप फिरायला मिळतं. हे मराठीत जसंच्या तसं आहे, ‘फिरायला मिळतं’ यातला ‘मिळतं’ तोच ‘गेट’. पण ‘आय हॅव गॉट टू ट्रॅव्हल’ म्हटलं की अर्थ उलटतो: मला फिरावं लागणार आहे. एक सुख आहे, दुसरी सक्ती. घाईच्या बोलण्यात ‘हॅव’ गळून जातो, ‘गॉट टू’चं ‘गॉटा’ होतं, आणि ऐकणाऱ्याच्या हाती फक्त ‘आय गॉटा ट्रॅव्हल’ उरतं. मग ओळखायचं कसं? मी विद्यार्थ्यांना काळ बघायला सांगते. सक्तीचा ‘हॅव गॉट टू’ वर्तमानातला किंवा पुढचा असतो. झालेल्या गोष्टीतली सक्ती ‘हॅड टू’ने सांगतात. त्यामुळे गोष्ट कालची असेल आणि ‘गॉट टू’ ऐकू आलं, ‘आय गॉट टू मीट हर यस्टरडे’, तर ती भेटायला मिळाल्याची आनंदाची बातमी आहे. भेटावं लागलं असतं तर ‘आय हॅड टू मीट हर’ म्हटलं असतं.

‘गेट टू नो’ आणि ‘गेट टू लाइक’ थोडे वेगळे आहेत. त्यांत हळूहळू ओळख होणं, आवडू लागणं असा अर्थ आहे.

‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘बाय’ यांसारखे छोटे शब्द लागून होणाऱ्या जोड्यांबद्दल थोडक्यात सांगते. बऱ्याच जोड्यांत ‘गेट’चा पोचण्याचा अर्थ आणि छोट्या शब्दाची दिशा मिळून काम भागतं. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजाराच्या किंवा दुःखाच्या पलीकडे जाणं, ‘गेट थ्रू’ म्हणजे परीक्षेतून किंवा कठीण दिवसांतून पार पडणं. वाहनाच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे: आत उभं राहून चालता येत असेल तर ‘गेट ऑन’, म्हणजे बस, रेल्वे, विमान. वाकून बसावं लागत असेल तर ‘गेट इन’, म्हणजे कार. काही जोड्यांत मात्र दिशा उपयोगी पडत नाही आणि त्या पाठच कराव्या लागतात: ‘गेट बाय’ म्हणजे असेल त्यात कसंबसं निभावणं, ‘गेट अवे विथ’ म्हणजे चूक करूनही शिक्षेविना सुटणं, ‘गेट राउंड टू’ म्हणजे रेंगाळलेलं काम अखेर हाती घेणं, आणि ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे तुला नेमकं म्हणायचंय काय. हा शेवटचा प्रश्न जपून वापरा, त्यात नाराजी ऐकू येते.

आता तुमच्या ‘रिसीव्ह’ आणि ‘बिकम’कडे वळते. ‘गेट’ चुकेल या भीतीने तुम्ही त्यांचा आधार घेता हे मला समजतं, पण ते दोन्ही शब्द ‘गेट’इतके लवचिक नाहीत. पत्र ‘रिसीव्ह’ होतं, पण सर्दी ‘रिसीव्ह’ होत नाही. ‘आय गॉट अ कोल्ड’ किंवा ‘आय कॉट अ कोल्ड’ म्हणतात. घरी पोचण्याला तर दोन्हींपैकी एकही चालत नाही. उलट बाजूनेही सांभाळावं लागतं. ‘ती डॉक्टर झाली’ यासाठी ‘शी बिकेम अ डॉक्टर’च हवं. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हणजे तिने डॉक्टर बोलावून आणला, कारण पुढे नाम आलं की वस्तू किंवा व्यक्ती हाती येते, हे वर आलंच आहे. ‘होणे’बरोबर विशेषण असेल तर ‘गेट’, नाम असेल तर ‘बिकम’, एवढी खूणगाठ बांधा.

‘मला उशीर होतोय’ हे आणखी एक फसवं वाक्य. आपण पटकन ‘आय ॲम गेटिंग लेट’ म्हणतो. भारतीय इंग्रजीत ते इतकं रुळलंय की आपल्यापैकी कुणालाच खटकत नाही. पण इंग्लंड-अमेरिकेत स्वतःबद्दल बोलताना ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणतात आणि ‘गेटिंग लेट’ वेळेबद्दल वापरतात: ‘इट इज गेटिंग लेट’, रात्र होत चालली. परदेशी सहकाऱ्यांशी बोलत असाल तर हा फरक सांभाळा.

‘गॉट’ बरोबर की ‘गॉटन’, हेही बरेच जण विचारतात. ब्रिटिश इंग्रजीत तिसरं रूप ‘गॉट’ आहे. अमेरिकेत दोन्ही आहेत आणि त्यांची कामं वाटून दिलेली आहेत: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे कार आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी कार मिळवली आहे. ‘गॉटन’ अमेरिकनांनी नव्याने घडवलेलं नाही, ते जुनंच इंग्रजी रूप आहे आणि ब्रिटिशांच्याही ‘फरगॉटन’मध्ये ते टिकून आहे. मुळात ‘गेट’ हा शब्दच उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन वसाहतकऱ्यांच्या भाषेतून इंग्रजीत शिरला. तिथे ‘गेटा’ म्हणजे मिळवणे. ‘टेक’, ‘दे’, ‘स्काय’ हे शब्दही त्याच वाटेने आले. मिळवण्याचा अर्थ आधीचा, ‘होणे’चा आणि ‘ही गॉट फायर्ड’सारख्या रचनेचा अर्थ कित्येक शतकांनंतरचा. मला हा इतिहास मनापासून आवडतो, पण बोलायला शिकण्यासाठी तो लागत नाही. तुम्ही एक कुठलीही पद्धत धरा आणि तीच ठेवा.

सराव कसा करायचा ते सांगते. अर्थांची वही बाजूला ठेवा. रोज एखादी छोटी मुलाखत किंवा गप्पांचा कार्यक्रम ऐका आणि जिथे ‘गेट’ किंवा ‘गॉट’ येईल तिथे फक्त त्याच्या पुढचे तीन-चार शब्द लिहून घ्या. अर्थ लिहू नका. शेवटी त्या तुकड्यांचे गट पाडा: नाम, विशेषण, जागा, तिसरं रूप, मधे व्यक्ती, नुसतं ‘टू’. कुठल्याच गटात न बसणारे तुकडे उरतात, तेवढेच शब्दकोशात बघा. माझ्या वर्गात हे करणाऱ्यांना सुरुवातीला फार सावकाश वाटतं, मग एके दिवशी तुकडे लिहिण्याआधीच त्यांना अर्थ लागलेला असतो.

बोलण्यासाठी उलटा सराव करा. मनात ‘आहे’चं मराठी वाक्य घ्या आणि त्याची सुरुवात करा. ‘तो आजारी आहे’, मग ‘ही गॉट सिक’. ‘माझ्याकडे किल्ली आहे’, मग ‘आय गॉट द की’. ‘आम्ही स्टेशनवर आहोत’, मग ‘वी गॉट टू द स्टेशन’. पुढे त्याच वाक्यांत घडवून आणणारा माणूस घाला: ‘ही गॉट अस टू द स्टेशन’.

शेवटचं लेखनाबद्दल. अर्ज, अहवाल आणि शोधनिबंधांत ‘गेट’ टाळण्याचा सल्ला तुम्ही ऐकला असेल आणि तो बरोबर आहे. अशा लेखनात ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ शोभतात. पण तो नियम सहकाऱ्याला पाठवायच्या साध्या निरोपात आणू नका. ‘आय हॅव ऑब्टेन्ड युअर मेसेज’ असं मित्राला लिहिलंत तर तुम्ही त्याच्यावर रागावलात असं त्याला वाटेल. तिथे ‘गॉट युअर मेसेज, थँक्स’ एवढं पुरे.